दुर्दैवी छत्रपती
एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

शिवाजी महाराज हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे रायगडावरची एकच मूर्ती उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु तेच नाव धारण केलेले एक तरुण छत्रपती कोल्हापूरच्या गादीवर होऊन गेले. इतिहासाने त्यांना चौथे शिवाजी म्हटले आणि दुसऱ्यांच्या चरित्रांतील एका परिच्छेदात त्यांची बोळवण केली. लोकमान्य टिळकांचे चरित्र वाचणारा प्रत्येक जण कोल्हापूर प्रकरणापाशी येतो. या प्रकरणात टिळक-आगरकरांना १०१ दिवसांचा तुरुंगवास घडला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ज्यांच्यावरून एवढे रामायण घडले ते महाराज कोण, किती वयाचे, पुढे त्यांचे काय झाले, असे विचारले तर बी.ए.च्या वर्गातही फारसे हात वर होणार नाहीत. गेल्या वर्षापर्यंत माझाही झाला नसता.

माझा हात आज वर होतो त्याचे कारण अभ्यास नव्हे, आजारपण आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मी हे चरित्र का लिहायला घेतले याचा उलगडा होईल.

माझी आई विड्या वळते. सूप मांडीवर, तेंदूची ओली पाने शेजारी आणि कात्री हातात, अशी घरे आमच्या सिन्नरात पुष्कळ आहेत. आमचे त्यांतलेच एक. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर मी दोन महिने अंथरूण धरले. ताप नाही, खोकला नाही. पण उठवत नव्हते, जेववत नव्हते, बोलवत नव्हते. एका डॉक्टरांनी उदासीनतेचा आजार सांगून गोळ्या दिल्या. पुढे दिवाळीच्या सुमारास सारे उलटेच झाले. झोप नाहीशी झाली आणि तिची गरजही वाटेना. रात्र रात्र बसून मी वह्या भरू लागले. शिष्यवृत्तीचे सगळे पैसे नाशिकला जाऊन पुस्तकांवर उधळले. गोंदेश्वराच्या देवळात अनोळखी माणसांना थांबवून मी त्यांना देवळाचा इतिहास ऐकवीत असे. तो निम्मा माझ्या मनचा होता. अखेर नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी शांतपणे सांगितले की आधीचे निदान कदाचित अपुरे असेल. मागची मरगळ आणि आताचा हा पूर एकाच आजाराची दोन टोके असू शकतील. त्या आजाराला द्विध्रुवी विकार किंवा बायपोलर म्हणतात. कदाचित हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. नक्की सांगायला अजून काही महिने जातील, तोवर गोळ्या बदलून देतो, रोजच्या झोपेची नोंद एका वहीत ठेव, असे त्यांनी सांगितले.

घरी परतल्यावर टिळकांचे अर्धवट राहिलेले चरित्र मी पुन्हा उघडले. त्यात कोल्हापूरच्या छत्रपतींना ऐन तारुण्यात वेडे ठरवण्यात आल्याचे वाचले. सनांची वजाबाकी केली तेव्हा त्यांचे वय माझ्याएवढेच निघाले. त्यानंतर ग्रंथालयातून मिळेल ते वाचीत गेले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

या कथेची सुरुवात कोल्हापुरात नव्हे, इटलीत होते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले. परत येताना फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले आणि त्या जागी पुढे त्यांची छत्री उभारण्यात आली. ती आजही तेथे आहे. त्यांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गादीला वारस नव्हता. म्हणून भोसले कुळातील नारायणराव नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला. त्याचा जन्म १८६३ सालचा, म्हणजे १८७१ साली गादीवर बसला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आठ वर्षांचे मूल एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवायचे, त्याचे नाव बदलायचे, आणि जे नाव द्यायचे ते महाराष्ट्रातले सर्वांत मोठे नाव! आमच्याकडे लग्न होऊन येणाऱ्या मुलीचेही नाव काही घरांत बदलतात, परंतु तिला निदान माहेर उरते. या मुलाला त्याच्या मूळ नावाने हाक मारणारे राजवाड्यात कोण उरले असेल, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

राजा अल्पवयीन असल्याने कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चाले. बाळराजांना इंग्रजी शिक्षण देण्याची, घोड्यावर बसवण्याची, समारंभांना नेण्याची व्यवस्था सरकारने केली होती. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या भेटीस गेलेल्या संस्थानिकांत हे बारा वर्षांचे छत्रपती होते. जडजवाहीर घातलेला, वयाने लहान पण मानाने मोठा असा हा राजा पाहून गोऱ्या पाहुण्यांना कौतुक वाटले. पुढे राणी आनंदीबाईसाहेबांशी त्यांचा विवाह झाला. आता राजा वयात येईल आणि कारभार हाती घेईल, अशी प्रजेची अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

घडले ते निराळेच. महाराजांची मनोवृत्ती बिघडत चालली आहे, असे सरकारी अधिकारी म्हणू लागले. त्यांच्यावर पहारा बसला. डॉक्टरांचे मत घेण्यात आले आणि १८८२ साली त्यांना राज्य करण्यास असमर्थ ठरवून कागलचे अधिपती जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमण्यात आले. राज्याचा कारभार वाहणारे रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे होते. अशा रीतीने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका माणसाच्या नावावर एक शब्द कायमचा चढला.

त्या काळी वैद्यकशास्त्राची स्थिती काय होती, हे येथे पाहिले पाहिजे. आज माझ्या केसपेपरवर जो शब्द प्रश्नचिन्हासह लिहिला आहे, त्या आजाराची आजच्यासारखी ओळख १८८२ साली नव्हती. क्रेपेलिन या जर्मन मानसशास्त्रज्ञ डॉक्टरांनी उन्माद आणि विषाद ही एकाच आजाराची रूपे आहेत अशी मांडणी केली ती १८९९ साली. स्किझोफ्रेनिया हा शब्द ब्लॉयलर यांनी आणखी काही वर्षांनी, १९०८ साली दिला. मेनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया असे चार-दोन मोठे कप्पे होते आणि आलेल्या माणसाला त्यांपैकी एकात बसवले जाई. उपाय म्हणजे कोंडून ठेवणे, राखणदार ठेवणे आणि गुंगीची औषधे देणे. ज्या लिथियममुळे आज असंख्य माणसे आपापली कामे करीत आहेत, त्याचा या आजारावरील उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी दाखवला तो १९४९ साली, महाराजांच्या मृत्यूनंतर ६६ वर्षांनी. तेव्हा कोल्हापुरात डॉक्टरांनी जे ठरवले, त्याला निदान म्हणण्यापेक्षा निकाल म्हणणे अधिक बरोबर होईल. निदानानंतर उपचार सुरू होतात. निकालानंतर शिक्षा सुरू होते.

इकडे पुण्यात १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे नुकतीच निघाली होती. महाराज वेडे नाहीत, त्यांना छळून वेडे केले जात आहे आणि यामागे रावबहादूर बर्वे यांचा हात आहे, अशा बातम्या कोल्हापूरहून येत होत्या. बर्वे यांची म्हणून काही पत्रेही पुढे आली. टिळक आणि आगरकर दोघेही त्या वेळी पंचविशीतले. त्यांचे रक्त उसळले आणि त्यांनी आपल्या पत्रांतून बर्व्यांवर टीकेची झोड उठवली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी दाखवली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या काळातच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे निधन झाले. जामिनाची वेळ आली तेव्हा महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला. मतभेद असूनही फुल्यांनी केलेले हे साहाय्य आपल्या सार्वजनिक जीवनातील एक उजळ गोष्ट आहे. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले.

या तुरुंगवासातच आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर हाती घेतले. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. हॅम्लेट हाही एक राजपुत्रच. तो खरोखर वेडा आहे की वेडाचे सोंग घेतो आहे, याची चर्चा दरबारातील सगळे जण करतात आणि तीनशे-चारशे वर्षे टीकाकारही करीत आले आहेत. मात्र शेक्सपिअरने त्याला स्वगते दिली आहेत. त्याचे मन त्याच्याच तोंडून आपल्याला कळते. आमच्या मराठी राजपुत्राला स्वगत नाही. दत्तक पित्याची रोजनिशी छापली गेली, संपादकांच्या तुरुंगवासाची हकीकतही आगरकरांनी लिहून ठेवली. पण ज्याच्यासाठी हे सारे झाले त्याचा स्वतःचा एकही शब्द माझ्या वाचनात आला नाही.

संपादक सुटले, महाराज सुटले नाहीत. १८८३ साली त्यांना कोल्हापूरपासून दूर, अहमदनगरच्या म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. दिमतीला गोरे शिपाई होते. त्यांपैकी ग्रीन नावाच्या शिपायाशी २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराजांची झटापट झाली आणि तीत त्यांचा अंत झाला. तो दिवस नाताळचा होता. वय वीस वर्षे. दत्तक पिता वीस वर्षांचा असताना परदेशात गेला. पुत्र वीस वर्षांचा असताना आपल्याच मुलखात, पण परक्या पहाऱ्यात गेला.

माझी मावशी भिंगारला राहते. मागील उन्हाळ्यात सिन्नरहून शिर्डीमार्गे एस.टी.ने मी तिच्याकडे गेले होते आणि मावसभावाला घेऊन किल्ला पाहिला. वाटोळा तट, भोवती रुंद खंदक. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १९४२ च्या लढ्यात पंडित नेहरू आणि इतर नेते येथेच स्थानबद्ध होते. नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा प्रसिद्ध ग्रंथ येथेच लिहिला, आणि ती जागा लोक आदराने पाहतात. मीही पाहिली. पण माझे लक्ष सारखे दुसरीकडे होते. एकाच तटाच्या आत साठ वर्षांच्या अंतराने दोन बंदिवान राहिले. एकाजवळ लेखणी होती आणि सोबती होते. त्याचा तुरुंग तीर्थ झाला. दुसऱ्याजवळ राखणदार होते. मावसभावाला मी चौथ्या शिवाजींविषयी सांगितले तेव्हा तो नगरचा असूनही चकित झाला.

पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे. राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या आबासाहेब घाटग्यांचे पुत्र यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली राज्याधिकार हाती येताच त्यांनी काय काय केले ते येथे सांगण्याची गरज नाही. १९०२ सालचा राखीव जागांचा हुकूम, ठिकठिकाणची वसतिगृहे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण यांच्या पुण्याईवर माझ्यासारख्या विडी कामगाराच्या मुली आज कॉलेजात बसल्या आहेत. त्यामुळे कोणी म्हणेल की झाले ते बऱ्यासाठीच झाले. चौथे शिवाजी गेले म्हणून शाहू आले. हा हिशेब मला पटत नाही. एका तरुणाचा बळी दुसऱ्याच्या थोरवीने भरून निघत नाही. शाहू महाराजांविषयी मला कृतज्ञता आहे, आणि म्हणूनच ज्या रिकाम्या जागेवर ते आले ती कशी रिकामी झाली, हे विसरणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

आता मला या चरित्रातून काय मिळाले ते सांगते. प्रथम वाचताना मी पूर्णपणे 'केसरी'च्या बाजूची होते. महाराज वेडे नव्हतेच, हे सिद्ध व्हावे असे मला मनापासून वाटत होते. तसे एखादे वाक्य कोठे सापडते का, म्हणून मी पुस्तके चाळीत होते. एके दिवशी लक्षात आले की मी महाराजांचे नव्हे, माझेच वकीलपत्र घेतले आहे. ते वेडे नव्हते असे ठरले, तर मीही सुटेन, अशी माझी वेडी आशा होती.

मग दोन्ही पक्ष मी पुन्हा तपासले. सरकार म्हणे, ते वेडे आहेत, म्हणून त्यांना कोंडणे योग्य. त्यांचे कैवारी म्हणत, ते शहाणे आहेत, म्हणून त्यांना कोंडणे हा अन्याय. एकमेकांचे एवढे वैरी असलेल्या या दोन पक्षांचे एका गोष्टीवर एकमत होते. ती अशी, की माणूस खरोखरच वेडा असेल तर त्याला कोंडायला, त्याच्यावर शिपाई घालायला हरकत नाही. समजा, महाराज खरोखरच आजारी होते. मग काय? नाताळच्या दिवशी शिपायाशी झटापट होऊन मरावे, हा त्या आजारावरचा उपाय होता काय? आणि समजा, ते आजारी नव्हते. तरी त्यांना हवे होते तेच, जे आजाऱ्याला हवे असते: कोणी जवळ बसावे, काय होते ते विचारावे, घाई करू नये. त्यांच्यावर अन्याय झाला हे सांगण्यासाठी ते शहाणे होते हे सिद्ध करण्याची गरजच नाही.

हे ध्यानी आले त्या रात्री मला गोळीशिवाय झोप लागली असे लिहायला आवडले असते; पण गोळी घेतली होती. असो.

मला महाराजांपेक्षा पुष्कळ जास्त मिळाले आहे. माझा शब्द अजून कदाचित आहे. डॉक्टर दर महिन्याला माझी वही पाहतात आणि त्यातले मला समजावून सांगतात. संध्याकाळी मी आपल्या घरी येते. २०१७ साली झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला सन्मानाने जगण्याचा आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आहे. स्वतःवर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवण्याची सोयही त्यात आहे. १८८३ साली नगरच्या किल्ल्यात हा कागद कोणी नेला असता तर!

कायद्याने सारे सुटत नाही हेही खरे. आजीने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, एका देवऋषाकडेही नेऊन आणले. तिचा राग येत नाही. तिच्याजवळ तेवढेच औषध होते. गल्लीत एक शब्द माझ्या पाठीमागे फिरतो, तो मी ऐकला आहे. आई मात्र काही बोलत नाही. गोळीची वेळ झाली की ती विडी वळता वळता थांबते, हात पुसते आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवते. हा लेख मासिकात देणार असे सांगितले तेव्हा तिने बराच वेळ सुपातला जर्दा चाळला. मग म्हणाली की लिही, पण नाव घालू नकोस, धाकटीचे लग्न व्हायचे आहे. तिचे म्हणणे मी मान्य केले आहे. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी मला ओळखतीलच. त्यांच्यापुरते नाव छापण्याची गरज नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा नाशिकला जायचे आहे. तेव्हा डॉक्टर कदाचित हा शब्द खोडतील, किंवा प्रश्नचिन्ह खोडतील. काय खोडले जाईल याची धास्ती मला अजून वाटते. परंतु दोहोंपैकी काहीही झाले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या तासाला मी माझ्या बाकावर बसणार, एवढे मी ठरवले आहे. वाचकहो, त्या दिवशी माझ्याशी तुम्ही कालच्यासारखेच बोला. त्या वीस वर्षांच्या छत्रपतींशी तसे बोलणारे कोणी किल्ल्यात असते, तर बहुधा मला हे चरित्र लिहावे लागले नसते.